पाव फेरा जास्त

उयाक खाडी, कोडियाक बेट
९ जानेवारी १९८८

वेंडेलकाका, नमस्कार.

मी मारित, इंग्वाल्ड तॉर्स्विकची मुलगी. तुम्ही बेट सोडून गेलात तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि निरोप म्हणून तुमच्या बुटात मासा घातला होता. आता चाळिशी ओलांडली आहे, मासे आता पातेल्यातच घालते. तुमचा पत्ता बाबांच्या हत्यारांच्या पेटीत सापडला. एक्काहत्तर सालचं नाताळचं कार्ड होतं. त्याला उत्तर गेलं नसावं. त्याबद्दल आधी माफी मागते.

काम असं आहे. गेल्या वर्षापासून अस्वलाच्या शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांना मीच डोंगरात नेते. बाबा लॉजवर बसून हुकूम सोडतात. पाहुण्याची गोळी चुकली तर पुढचं माझ्या रायफलवर असतं, आणि माझ्या मागे कोणी नसतं. रायफल बाबांचीच आहे, पॉइंट तीनशे पंच्याहत्तर कॅलिबरची. काडतुसंही मी घरीच भरते, त्यांनी शिकवलं तशी. झाडलेली पुंगळी साच्यात दाबून पुन्हा आकाराला आणायची, बुडाशी ठिणगी देणारी नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी. चांगली पुंगळी सात-आठ वेळा वापरता येते असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

माझ्या तीनदाही टिकत नाहीत. बुडाशी जे जाड कडं असतं, त्याच्या किंचित वर एक चकचकीत वळं दिसायला लागतं. चाळीसपैकी बारांवर आहे. मागच्या आठवड्यात सरावाला गेले तर एक पुंगळी नेमकी तिथंच तडकून बाहेर आली. दारू जास्त होतेय का? खाऱ्या हवेनं पितळ खराब होतंय का? की पुंगळ्यांचा हा घाणाच वाईट निघाला?

बाबांना दाखवली. म्हणाले, "फेकून दे. नवीन मागव."

"पण का होतंय?"

"पितळ आहे बाई ते. लग्न आहे का, जन्मभर टिकायला?"

"वेंडेलकाकांना विचारू? ते तर इतकी वर्षं काडतुसांच्या कारखान्यात होते."

तर उठून कुत्र्याला खायला घालायला गेले. कुत्र्याचं खाणं झालेलं होतं.

साचा मी त्यांच्याच पद्धतीनं लावते. दाबयंत्रात आट्यांवर खाली टेकेपर्यंत फिरवायचा आणि वर पाव फेरा जास्त, म्हणजे पुंगळी आणखी दाबली जाते. त्रेसष्ट साली जे जाड राहिलेलं काडतूस रायफलीत अडकलं आणि अस्वलानं बाबांचा उजवा हात कायमचा लुळा केला, तसं पुन्हा होऊ नये म्हणून. हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही शिकारीत त्यांचे जोडीदार, तिथंच होतात.

एक एप्रिलला पहिले पाहुणे येताहेत. टपालाचं विमान आठवड्यातून एकदा येतं, तेही धुक्याची मर्जी असेल तर. म्हणून आत्तापासून लिहिते आहे.

तुमची,
मारित

*

लुइस्टन, आयडाहो
२ फेब्रुवारी १९८८

प्रिय मारित,

मासा आठवतो. बूट नदीत टाकावा लागला.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दारू जास्त असती तर टोपी चपटी झाली असती आणि बोल्ट, रायफलीचा मागचा सरकता दांडा, उघडायला जड गेला असता. तसं तू काही लिहिलेलं नाहीस. खारी हवा पितळाला हिरवं करते, वळं पाडत नाही.

एक तार घे. टोक काटकोनात वाकव आणि कानशीनं टोकदार कर. ती पुंगळीच्या तोंडातून बुडापर्यंत घाल आणि भिंतीला घासत हळूहळू वर ओढ. कड्याच्या वर टोक अडकलं तर तिथं आतून खाच पडली आहे असं समज. ज्यात तार अडकेल ती पुंगळी हातोडीनं चेपायची. तुझ्या बाबांनी 'राहू दे' म्हटलं तरी.

मी बावीस वर्षं पितळ बघत आलो. नाण्याएवढी चकती यंत्राखाली जाते आणि वाटी होऊन येते. वाटीचा पेला होतो, पेल्याची नळी. कुठं फाटत नाही, कुठं जोड नाही. सुट्टीच्या दिवशीही मी कधीकधी ते बघायला जायचो. बायको म्हणायची, याला बाहेर कोणीतरी आहे. आणि मग ते पितळ बंदुकीत काय सोसतं बघ. टोपी पेटते आणि डोळ्याचं पातं लवायच्या शतांश वेळात आत शेकडो मण दाब येतो. पातळ भिंती फुगून नळीच्या घराला, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीला, घट्ट चिकटतात. जाड बूड चिकटत नाही, ते मागे सरकतं, बोल्टला टेकेपर्यंत. वरचा भाग धरून ठेवलेला, खालचा ओढला जातोय, त्या दोन्हींच्या मध्ये पितळ ताणलं जातं. ते नेमकं कड्याच्या वर. तरी ते तुटत नाही आणि माणसाच्या चेहऱ्याला धक्का लागत नाही. हे दर वेळी घडतं, आणि मला दर वेळी नवल वाटतं.

तुझं पितळ दमलं असेल. नवीन घे आणि मला सहा जुन्या पुंगळ्या पाठव. साच्याचं नंतर बोलू.

इंग्वाल्डला माझं पत्र दाखवायची गरज नाही.

वेंडेल

*

उयाक खाडी
२० फेब्रुवारी १९८८

वेंडेलकाका,

तार वाकवून तयार केली. पहिल्या पुंगळीत काही नाही. दुसरीतही नाही. तिसरीत कड्याच्या वर ती टकदिशी अडकली. चाळीसपैकी सतरा निघाल्या. बाहेरून बारांवरच वळं होतं. पाच तर दिसायला कोऱ्या होत्या.

मग एक करवतीनं उभी चिरली. काका, तुम्ही हे हजारदा पाहिलं असेल, मी पहिल्यांदा पाहिलं. बाहेरून भिंत सरळ आणि गुळगुळीत. आतून मात्र एक खोल रेघ पडलेली, ताज्या बर्फावर नखानं ओढावी तशी. उरलेलं पितळ कागदाइतकं. कंदिलापुढे धरलं तर त्या रेघेतून दोन ठिकाणी उजेड आला. एवढ्याशा पडद्यामागे माझा डोळा होता! खिडकीपाशी किती वेळ बसले ठाऊक नाही. चुलीवरची पोळी करपली तेव्हा उठले.

पण तुमचं 'नवीन घे' चुकलं. अँकरेजहून कोऱ्या पुंगळ्या मागवल्या होत्या, त्यातल्या दहा भरल्या आणि उडवल्या, पुन्हा भरल्या, पुन्हा उडवल्या. दोनच बार झालेत, आणि चारांमध्ये तार अडकते. बारीक, पण अडकते. म्हणजे पितळ म्हातारं नाही, त्याचं आयुष्य कोणीतरी खातंय. काका, तुमचं पत्र सुंदर होतं, पण मी औषध मागितलं आणि तुम्ही कविता पाठवलीत. बावीस वर्षं कारखान्यात असलेल्या माणसाला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

सहा पुंगळ्या डब्यात घालून पाठवल्या आहेत. रिकामी जागा उरली म्हणून धुरावलेला सामन मासा भरला. पितळाला वास लागला असेल.

बाबांना काही सांगितलेलं नाही. फक्त चिरलेली पुंगळी टेबलावर राहिली होती. त्यांनी डाव्या हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "ही कुठून आली?" मी म्हटलं, "तुमच्याच रायफलीतून." त्यांनी ती उचलली होती तिथंच परत ठेवली.

मारित

*

लुइस्टन
५ मार्च १९८८

प्रिय मारित,

सामन एका बसणीत संपवला. पुंगळ्या मोजल्या.

औषध हे घे. बार झाल्यावर पुंगळीचा खांदा, म्हणजे तोंडाकडे ती निमुळती होते तो भाग, तुझ्या रायफलीच्या घराला बरोबर बसेल एवढा पुढे आलेला असतो. तो तिचा खरा आकार. तू साचा पाव फेरा जास्त फिरवतेस आणि तो खांदा इंचाचे बावीस हजारांश मागे ढकलतेस. पत्र लिहायच्या कागदाचे पाच-सहा ताव एकावर एक ठेव, तेवढं. पुढच्या बाराला तो खांदा तेवढंच अंतर पुन्हा पुढे धावतो आणि बूड मागे. ते पितळ येतं कुठून? कड्याच्या वरून. तुझ्या रायफलीत काही दोष नाही, दारूत नाही, पितळात नाही. दोष त्या पाव फेऱ्यात आहे.

साचा वर घे, अर्धा फेरा. पुंगळीच्या खांद्यावर मेणबत्तीची काजळी धर, म्हणजे साचा कुठं घासतो ते दिसेल. साचा थोडा थोडा खाली आणत जा, पुंगळी दाब, रिकाम्या रायफलीत घाल, बोल्ट मिटून बघ. आधी मिटणार नाही. मग जड मिटेल. मग एक वेळ अशी येईल की बोल्ट कणभर अडखळेल आणि मिटेल. तिथं थांब. खांदा हजारांश, दोन हजारांशच मागे जायला हवा. एवढं केलंस तर पुंगळ्या आठ-दहा वेळा टिकतील.

आणि ऐक, हे नक्की कर.

वेंडेल

*

उयाक खाडी
१८ मार्च १९८८

वेंडेलकाका,

नाही करणार.

तुम्ही सांगितलेलं सगळं मला समजलं. मेणबत्ती धरली, साचा वर घेतला, बोल्ट मिटून पाहिला. तुम्ही म्हणालात तसा कणभर अडखळला. आणि त्या क्षणी मी साचा पुन्हा होता तिथं नेला.

ते कणभर तुमच्यासाठी कामाच्या टेबलावरचं आहे. माझ्यासाठी ते आल्डरच्या झुडपातलं, पावसातलं, बोटं बधिर झालेली असतानाचं आहे. माझ्या वडिलांना बुटाची नाडी बांधता येत नाही ती त्या कणभरामुळे. चाळीस वर्षं इथं राहून मला एक गोष्ट कळली आहे, काडतूस आत गेलंच पाहिजे. बाबांची शिस्त म्हणून हंगामाआधी प्रत्येक भरलेलं काडतूस मी समुद्राकडे तोंड करून एकदा रायफलीत घालून बघते. एकही अडलेलं मला चालत नाही.

मी असं करीन, एक पुंगळी दोनदाच वापरीन आणि फेकून देईन. तार घालून बघीन. तेवढं पुरे आहे.

राग मानू नका. तुम्ही त्या दिवशी तिथं होतात, तुम्हाला तरी हे समजायला हवं होतं.

पाहुणे एक तारखेला येताहेत. ओहायोचे एक दंतवैद्य, त्यांचा मेहुणा, आणि तेरा बॅगा.

मारित

*

लुइस्टन
२३ मार्च १९८८

मारित,

हे पत्र जलद टपालानं पाठवतो आहे. मिळालं की बसून वाच. इंग्वाल्डला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. माझ्यात ते धैर्य असतं तर पंचवीस वर्षांपूर्वीच दाखवलं असतं.

त्रेसष्टच्या ऑक्टोबरात कोणतंही काडतूस जाड नव्हतं.

त्या हंगामाची काडतुसं मी भरली होती. माझाही साचा गरजेपेक्षा घट्ट लावलेला होता, आणि पुंगळ्या पाच-सहा वेळा वापरलेल्या. मी तार घातली नव्हती. तेव्हा मला तारेचं माहीतच नव्हतं. मी ते कारखान्यात शिकलो, आणि शिकलो त्या दिवशी जेवलो नाही.

सकाळी दव गोठलेलं होतं. इंग्वाल्ड पुढे होता, मी तीस पावलांवर. अस्वल ओढ्यातून वर आलं. इंग्वाल्डनं पहिली गोळी झाडली, लागली. बोल्ट मागे घेतला, पुंगळी उडाली. पण ती अर्धीच होती. बूड तेवढं बाहेर आलं, वरचं पितळ कड्यापाशी तुटून नळीच्या घरातच राहिलं. दुसरं काडतूस त्या पितळाच्या आत शिरलं आणि अडलं. त्या बोल्टवर दोन माणसं बसली असती तरी तो मिटला नसता.

अस्वलाला मी पाडलं, पण उशिरा. इंग्वाल्डला शुद्ध नव्हती. त्याचा हात बांधला, मग रायफल उचलली. बोल्ट ओढून काढायला मला बूट लावावा लागला. काडतूस बाहेर आलं, आणि त्याच्यावर ते तुटकं पितळ टोपीसारखं चढलेलं होतं. बोल्टच्या मुठीला इंग्वाल्डच्या तळहाताची कातडी चिकटलेली होती, डॉलरच्या नाण्याएवढी. इतक्या जोरानं तो ढकलत होता, ते जनावर अंगावर येईपर्यंत. माणूस असा उभा राहू शकतो हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. आजही डोळे मिटले की मला अस्वल दिसत नाही, ती मूठ दिसते.

ते तुटकं पितळ मी काढून खिशात घातलं. दवाखान्यात त्याला सांगितलं की एक काडतूस जाड राहिलं होतं, नीट दाबलं गेलं नव्हतं. लहान चूक कबूल केली आणि मोठी झाकली. त्यानं मान हलवली आणि तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, त्याला खरं कळलंय आणि तो माझं तोंड बघू इच्छीत नाही. मग चौसष्टचा भूकंप झाला, पुष्कळ लोक बेट सोडून गेले, त्यांच्यात मीही निघालो. कोणी कारण विचारलं नाही.

मला माहीत नव्हतं की माझ्या त्या खोट्यावरून त्यानं साचा आणखी घट्ट केला. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा कळलं. तरीही मी तुला तारेचं सांगितलं, काजळीचं सांगितलं, हे सोडून सगळं सांगितलं. वाटलं होतं, नुसत्या मापानं भागेल.

मारित, तू ज्या चुकीला भितेस ती कधी घडलीच नाही. जी घडली ती तू रोज हातानं करते आहेस. सोबतच्या काडेपेटीत ते तुटकं पितळ ठेवलं आहे. आतून बोट फिरव. तुझ्या सतरा पुंगळ्यांतली खाच ओळखशील.

साचा वर घे. मला शिव्या दे, पण साचा वर घे.

वेंडेल प्रुइट

*

उयाक खाडी
१७ मे १९८८

वेंडेलकाका,

सात आठवडे गप्प राहिले. मुद्दाम नाही. आधी हंगाम होता, आणि मग काय लिहावं ते सुचेना.

तुमचं पत्र तीस मार्चला आलं, पाहुण्यांच्या आधीच्या शेवटच्या विमानानं. स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलं. काडेपेटी उघडली, बोट फिरवलं. मग साचा वर घेतला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून चाळीस काडतुसं भरली, प्रत्येक रायफलीत घालून पाहिलं. प्रत्येक कणभर अडखळलं आणि मिटलं. चाळिसाव्यानंतर डब्याचं झाकण लावलं.

अकरा एप्रिलला ते कामी आलं. दंतवैद्यांचा हातमोजा पडला म्हणून आम्ही मागे वळलो. त्या माणसाच्या प्रत्येक वस्तूला पडायची सवय होती. झुडूप हललं आणि एक मादी बाहेर आली. मागे दोन पिल्लं. चौदा पावलं, नंतर मोजली. ती उभी राहिली. काका, मी यांच्यातच वाढले, तरी त्या उभं राहण्याची सवय होत नाही. आकाश कमी होतं. तिच्या छातीवरच्या ओल्या केसांतून वाफ निघत होती. तिच्या नाकपुड्या आमचा वास घेताना उघडत-मिटत होत्या तेही दिसत होतं. मी तिच्या पायांपुढच्या वाळूत गोळी झाडली आणि बोल्ट ओढून पुन्हा मिटला. तो कण हाताला लागला, बोल्ट मिटला. ती चार पायांवर आली, मला बघितलं, तोंड फिरवलं आणि पिल्लांना घेऊन निघून गेली. एवढा मोठा जीव, आणि जाताना एक फांदी मोडल्याचा आवाज नाही.

पुंगळी उचलून आणली. रात्रभर खिशात होती. सकाळी तार घातली. कुठंच अडकली नाही.

आता बाबा.

पत्र वाचून दाखवायचं की नाही, यावर मी एक दिवस घालवला. मग चहाच्या वेळी बसवलं आणि सगळं वाचलं. तुमचं नाव निघालं तेव्हा उठायला लागले. मी म्हटलं, "कुत्र्याचं झालंय." बसले.

तुटक्या पितळापर्यंत आले तेव्हा ते चहा ढवळत होते. ते पितळ तुम्ही खिशात घातलंत, तिथंही ढवळतच होते. मी पुढे वाचत गेले, दवाखाना, भूकंप, सगळं. संपलं. ते म्हणाले, "मुठीचं पुन्हा वाच."

वाचलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा वाचताना मी वर पाहिलं तर ते स्वतःचा उजवा तळहात डाव्या हातानं उलटा करून खिडकीच्या उजेडात बघत होते. तिथं एक गुळगुळीत डाग आहे. आम्ही तो अस्वलाचाच समजत होतो.

"म्हणजे मी ढकलत होतो," ते म्हणाले.

मला समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. हंगामाआधी त्यांनी तुमचं प्रत्येक काडतूस रायफलीत घालून पाहिलं होतं, वीसच्या वीस. सगळी आत गेली होती. म्हणून तुम्ही दवाखान्यात 'जाड काडतूस' म्हणालात तेव्हा त्यांना ठाऊक होतं की ते खोटं आहे. त्यांना पहिल्या गोळीनंतरचं काहीच आठवत नव्हतं. त्यांनी ठरवलं की आपण घाबरून गोठलो, हात हललाच नाही, आणि वेंडेल आपली अब्रू झाकायला स्वतःवर ठपका घेतोय. मग ती गोष्ट खरी दिसावी म्हणून साचा घट्ट केला. मलाही तेच शिकवलं. तुमच्या कार्डाला उत्तर दिलं नाही, कारण तुम्हाला खरं माहीत आहे असं त्यांना वाटत होतं.

पंचवीस वर्षं, काका. तुम्ही तिकडे, ते इकडे.

त्यांनी मला लिहायला सांगितलं ते जसंच्या तसं देते: "वेंडेल, राग आला आहे. टपालाच्या पिशवीत मावणार नाही एवढा आहे. ऑगस्टमध्ये सामन नदी चढतात तेव्हा ये, समोर काढतो. बूट स्वतःचे आण."

आणखी एक सांगते आणि थांबते. इतकी वर्षं पाहुणे त्यांना हाताबद्दल विचारत आणि ते काडतुसाबद्दल सांगत. साचा, पितळ, बोल्ट, दोन मिनिटांत गोष्ट संपायची. परवा शेवटच्या पाहुण्यांपैकी एकानं विचारलं. बाबांनी कप खाली ठेवला. ओढ्यावर पातळ बर्फ होतं म्हणाले, आणि ते बर्फ फोडत वर आलं. त्याच्या पाठीवर सूर्य होता आणि प्रत्येक केसाच्या टोकाला दव गोठलेलं होतं. ते लगेच धावलं नाही, आधी मला बघत राहिलं. लहान डोळे होते, तपकिरी. बाबा सांगत राहिले, चहा थंड झाला, कोणी हललं नाही. मी दारात ताट घेऊन उभी होते. त्यांच्या तोंडून मी ते अस्वल पहिल्यांदाच पाहत होते.

"केवढं मोठं होतं!" बाबा म्हणाले, आणि डावा हात वर नेला, आढ्याकडे, आणि तो तिथंच ठेवला.

तुमची,
मारित